बेरजेमागचे चित्र

पुणे-सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोरच्या आसपास दुचाकी घसरून कुणाच्या डोक्याला मार लागला, की डॉक्टर आधी सांगतात, ‘डोक्याचा सीटी काढा.’ काही सेकंदांत मेंदूचे आडवे काप पडद्यावर येतात. एखाद्या कापात राखाडी भागावर पांढरट डाग दिसतो. त्यावर बाण नेला की यंत्र आकडा दाखवते, समजा ६५. या मापनात पाण्याला ० धरतात आणि हवेला उणे १०००. मेंदूचा राखाडी भाग ३५ ते ४० च्या घरात येतो आणि ताजे गोठलेले रक्त ५० ते ८० च्या दरम्यान. कवटी उघडायची की थांबायचे, या निर्णयात त्या ६५ चा मोठा वाटा असतो.

गंमत अशी की हा ६५ कुणी मोजलेला नसतो. डोक्याच्या आत कोणताही संवेदक गेलेला नाही. मोजणी झाली ती डोक्याच्या बाहेर, आणि तीही निराळ्याच राशीची. एका सरळ रेषेत जे जे लागले त्या सगळ्याची मिळून एक बेरीज, अशा हजारो बेरजा. त्यांवरून आतल्या प्रत्येक ठिपक्याचा आकडा काढून दिला तो गणिताने.

याच पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, जुन्नर तालुक्यातील खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. तिथेही कुणी आकाशाचे चित्र ‘काढत’ नाही. मोजतात त्या बेरजाच, आणि चित्र मागाहून गणिताने बांधतात. रुग्णालयाचे यंत्र आणि जीएमआरटी नावाची ती महादुर्बीण ही एकाच गणिताची दोन रूपे आहेत. ते गणित काय आहे, वैद्यकात आणि भौतिकशास्त्रात ते कोणत्या वाटेने पोहोचले आणि त्या वाटेवर काय काय हुकले, याचे हे विवेचन आहे. तीन शास्त्रे एकत्र येतात ती इमारती शेजारी बांधल्याने नव्हे, कुणीतरी माणूस एका खोलीतला प्रश्न दुसऱ्या खोलीत नेतो म्हणून, असे माझे मत आहे. त्याला पुरावा लागेल, आणि त्याचा बराचसा भाग महाराष्ट्रातच सापडतो.

चार घरांचे कोडे

क्ष-किरण शरीरातून जाताना प्रत्येक टप्प्यावर काही अंशाने क्षीण होतो. पहिल्या थराने निम्मा गिळला, दुसऱ्याने उरलेल्याचा निम्मा, तर बाहेर पाव भाग येतो. म्हणजे हा व्यवहार गुणाकाराचा आहे. बाहेर आलेल्या प्रमाणाचा लॉगॅरिदम घेतला की गुणाकाराची बेरीज होते, आणि त्या किरणाच्या वाटेवरच्या सगळ्या क्षीणतांची मिळून एक संख्या हाती येते. साधा एक्स-रे या बेरजांचाच फोटो असतो. त्यात बरगडी आणि तिच्यामागचे फुप्फुस एकमेकांवर चढलेले दिसतात, कारण बेरजेत कोण किती हे वेगळे राहत नाही.

आता कागदावर दोन बाय दोनचा चौकोन काढा. चार घरांत चार अज्ञात संख्या आहेत. आडव्या ओळींच्या बेरजा वरून खाली ५ आणि ९. उभ्या स्तंभांच्या बेरजा डावीकडून ६ आणि ८. आत काय असेल? वर २, ३ आणि खाली ४, ५ हे उत्तर चालते. पण वर १, ४ आणि खाली ५, ४ हेही चालते. अशी उत्तरे कितीही निघतील. समीकरणे चार दिसत असली तरी खरी तीनच आहेत, कारण दोन्ही ओळींची एकूण बेरीज आणि दोन्ही स्तंभांची एकूण बेरीज १४ च असणार. आता एक तिरपा किरण सोडा, डावीकडच्या वरच्या घरातून उजवीकडच्या खालच्या घरात. त्याची बेरीज ७ आली तर पहिले उत्तर खरे. दुसऱ्यात ती ५ आली असती. अजून एका कोनातून पाहिले आणि संदिग्धता संपली.

सगळे सीटी शास्त्र या कोड्यात बीजरूपाने आहे. दोन दिशांनी पाहून भागत नाही, अनेक दिशांनी पाहावे लागते. गॉडफ्रे हाउन्सफील्डच्या पहिल्या सीटी यंत्राने १८० कोनांतून, प्रत्येक कोनात १६० किरण, अशा २८,८०० बेरजा घेतल्या आणि त्यांतून ८० बाय ८० म्हणजे ६,४०० घरांचे चित्र काढले. समीकरणे अज्ञातांच्या साडेचार पट. इतकी चैन का लागते, याचे उत्तर पुढे येईल.

हेच कोडे घरे अनंत आणि किरणही अनंत असे धरून ऑस्ट्रियन गणिती योहान राडोन याने १९१७ साली सोडवले. प्रतलातल्या सर्व सरळ रेषांवरच्या बेरजा माहीत असतील तर प्रत्येक बिंदूवरची किंमत अचूक काढता येते, हे त्याने सिद्ध केले आणि सूत्रही दिले. पहिले महायुद्ध चालू होते आणि निबंध लाइपझिगच्या अकादमीच्या कार्यवृत्तात जर्मनमध्ये छापला गेला. राडोनला ना रुग्णाची चिंता होती ना ताऱ्याची. त्याला भूमितीतला एक प्रश्न सोडवायचा होता, तो त्याने सोडवला.

कल्याणला सूर्याचे काप

रेडिओ दुर्बिणीची एक मूळची अडचण आहे. किती बारीक दिसेल हे तरंगलांबीच्या तुलनेत तबकडी किती मोठी यावर ठरते, आणि रेडिओ तरंग प्रकाशाच्या लाखो पट लांब असतात. एवढी मोठी तबकडी बांधणे शक्य नाही, म्हणून अनेक लहान तबकड्या एका रांगेत मांडून त्यांचे संकेत एकत्र करतात. अशी रांग तिच्या लांबीच्या दिशेने बारीक पाहते, आडव्या दिशेने मात्र तिला काहीच बारीक दिसत नाही. सूर्य तिच्या दृष्टिक्षेत्रातून सरकला की नोंद होते ती सूर्याच्या एकेका अरुंद पट्टीतून येणाऱ्या सगळ्या तेजाची. म्हणजे पुन्हा बेरीजच.

सिडनीजवळ पॉट्स हिल येथे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ विल्बर क्रिस्तियानसेनने सहा फुटी ३२ तबकड्यांची अशी रांग उभारली होती. दिवसभरात पृथ्वी फिरते तशी सूर्यावर पडणाऱ्या पट्ट्यांची दिशा बदलते. या निरनिराळ्या कोनांतल्या बेरजांवरून त्याने आणि त्याच्या वॉरबर्टन या सहकाऱ्याने सूर्याचा द्विमितीय नकाशा काढला. तो १९५५ साली प्रसिद्ध झाला. गणिते हाताने केलेली. शब्द बदलले तर तो सूर्याचा सीटी स्कॅन होता, आणि वैद्यकातला सीटी जन्मायला अजून सोळा वर्षे होती. पुढच्याच वर्षी मूळ सिडनीच्याच, पण तोवर अमेरिकेत स्टॅनफर्डला गेलेल्या रोनाल्ड ब्रेसवेलने पट्ट्यांच्या बेरजांवरून चित्र कसे काढावे याचे गणित स्वच्छ मांडले. राडोनचे नाव त्यात नव्हते. ब्रेसवेलने ती वाट स्वतःच शोधली.

इथून ही कथा महाराष्ट्रात शिरते. पॉट्स हिलला १९५३ ते १९५५ या काळात गोविंद स्वरूप नावाचा तरुण काम करत होता. त्या तबकड्या ऑस्ट्रेलियाला नकोशा झाल्या तेव्हा त्या भारताला द्याव्यात अशी कल्पना त्यानेच मांडली. १९५७ साली तो ब्रेसवेलकडे पीएच.डी.साठी गेला. होमी भाभांच्या बोलावण्यावरून १९६३ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, टीआयएफआरमध्ये, आला. त्याच ३२ तबकड्या १९६५ साली कल्याणला उभ्या राहिल्या, २४ पूर्व-पश्चिम आणि ८ दक्षिणोत्तर, आणि सूर्याच्या पट्टीपट्टीच्या बेरजा घेऊ लागल्या. कल्याण म्हणजे लोकलची गर्दी एवढेच ज्यांच्या डोळ्यांपुढे येते त्यांना हे ठाऊक असायला हरकत नाही.

स्वरूपांचे पुढचे यंत्र उटीला झाले. १९७० मध्ये सुरू झालेली ती ५३० मीटर लांबीची दुर्बीण चंद्राचाच कात्रीसारखा उपयोग करी. दूरच्या रेडिओ स्रोतापुढे चंद्र येतो तेव्हा त्याची कड स्रोताला एकेक पट्टी झाकत जाते. तेज कोणत्या क्षणी किती घटले यावरून त्या पट्टीत किती होते ते कळते. पंचांगात ज्याला पिधान म्हणतात त्याचाच हा मोजमापासाठी केलेला वापर. चंद्राची कड स्रोतावर निराळ्या कोनातून आली की नव्या कोनातला प्रक्षेप फुकटात मिळतो.

तीस तबकड्या, ४३५ जोड्या

खोडदच्या दुर्बिणीपर्यंत येताना गणित एक पायरी वर चढले. तंबोऱ्याचा एकच भरीव आवाज कानी पडतो, पण तयार कान त्यातले खर्ज आणि पंचम वेगळे ओळखतो. फूरिएचे रूपांतर कोणत्याही संकेताचे असे पृथक्करण करते. चित्रालाही ते लागू पडते, मात्र तिथे स्वरांच्या जागी जाड-बारीक लाटा येतात. सगळ्या लाटांची मापे एका पटलावर मांडली, जाड मध्याशी आणि बारीक कडेला, की चित्राचे फूरिए पटल तयार होते. पटल पूर्ण भरलेले असेल तर चित्र परत मिळवता येते.

सीटी आणि दुर्बीण यांना जोडणारे प्रमेय या पटलावरच वाचता येते. एका कोनातून घेतलेल्या बेरजांचे फूरिए रूपांतर केले तर ते म्हणजे चित्राच्या पटलावरची, त्याच कोनातली, मध्यातून जाणारी एक सरळ रेघ असते. सीटी यंत्र रुग्णाभोवती फिरते तेव्हा एकेक रेघ ओढत ते सगळे पटल भरत असते. रेडिओ दुर्बिणीत दोन तबकड्यांची जोडी पटलावरचा एक बिंदू थेट मोजते; अंतर जास्त तेवढा बिंदू कडेला. खोडदला ३० तबकड्या आहेत, म्हणजे ३० गुणिले २९ भागिले २ अशा ४३५ जोड्या. चौदा तबकड्या साधारण एका चौरस किलोमीटरच्या मध्यभागात दाटीने आहेत, म्हणून पटलाचा मधला भाग भरतो. उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर पसरल्या आहेत. दूरच्या दोन तबकड्यांमध्ये २५ किलोमीटरपर्यंत अंतर पडते आणि त्यातून बारकावा मिळतो.

एवढ्यानेही पटल भरत नाही. मग पृथ्वीचे फिरणे कामी येते. आठ-दहा तास एकाच स्रोताकडे पाहत राहिले की स्रोताच्या दिशेवरून पाहता प्रत्येक जोडीची लांबी आणि कोन बदलत जातात आणि एका बिंदूचा कंस होतो. या रीतीला व्यवस्थित रूप देणाऱ्या मार्टिन राइलला १९७४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. रुग्णालयात यंत्र फिरते आणि रुग्ण स्थिर असतो. खोडदला आकाशाभोवती कुणाला फिरता येत नाही, म्हणून जमीनच फिरू देतात.

जीएमआरटी खोडदलाच का? निवडीत पुण्याची जवळीक धरली होती, पण पुण्याची खरखर नको होती. मोटारींच्या ठिणग्या, उच्च दाबाच्या तारा, कारखाने हे सगळे रेडिओ तरंग फेकत असतात, आणि दूरच्या आकाशगंगेचा संकेत त्यापुढे नगण्य असतो. हमरस्ता, विजेवर धावणाऱ्या गाड्यांचा लोहमार्ग आणि तेल कंपन्यांचे डेपो असलेल्या लोणी काळभोरला ही दुर्बीण एक दिवसही चालली नसती. याउलट सीटी यंत्राला अशा खरखरीची फारशी फिकीर नाही. ते क्ष-किरण स्वतः बनवते आणि स्वतःच मोजते. एकाच गणिताचे एक घराणे गजबजाटात नांदते, दुसऱ्याला रान लागते.

चुकीचा भाव

आता त्या साडेचार पट समीकरणांकडे. राडोनच्या सूत्रात एक खोड आहे. बेरजांवरून चित्राकडे परत येताना बारीक लाटा वाढवून घ्याव्या लागतात, कारण बेरीज करताना त्या दबल्या होत्या. पण मोजणीतली चूकही बहुतांशी बारीक लाटांच्या रूपातच असते, तीही वाढते. बेरजेत किंचित फरक आणि चित्रात मोठा फरक, असा हा उलटा प्रवास आहे. म्हणून मोजणी जास्त हवी, आणि नेमकी हवी.

नेमकेपणाला किती किंमत पडते तेही मोजता येते. संवेदकापर्यंत १०,००० क्ष-किरण कण पोहोचले तर मोजणीत सहजच शंभरएक इकडेतिकडे होतात, म्हणजे एक टक्का. वर्गमुळाचा हा नियम निसर्गाचा आहे, यंत्र सुधारून तो टळत नाही. चूक अर्धा टक्का करायची तर ४०,००० कण लागतात, चौपट. मेंदूतल्या राखाडी आणि पांढऱ्या भागांत फरक असतो तो मोजपट्टीवर दहाएक अंकांचा, म्हणजे पाण्याच्या क्षीणतेच्या सुमारे एक टक्का. तो दिसायलाच हवा. म्हणून डोक्याच्या सीटीत शरीराला साधारण २ मिलिसीव्हर्ट किरणोत्सर्ग सोसावा लागतो. जगभरच्या सरासरीने माणसाला वर्षभरात निसर्गातूनच २.४ मिलिसीव्हर्ट मिळतो, हे शेजारी ठेवून वाचावे. घाबरायला नको, पण उगाच काढायलाही नको.

खोडदला हाच वर्गमुळाचा नियम आहे, पण किंमत वेगळ्या नाण्यात मोजतात. खरखर निम्मी करायची तर चौपट वेळ त्याच दिशेने पाहत बसायचे. डॉक्टर नेमकेपणा विकत घेतो तो रुग्णाच्या शरीरातून, खगोलशास्त्रज्ञ घेतो तो दुर्बिणीच्या वेळापत्रकातून. दोन शास्त्रांचा स्वभाव वेगळा वाटतो त्याचे बरेचसे कारण इथे आहे. आकाशाला चौपट पाहिल्याने इजा होत नाही, म्हणून खगोलशास्त्रज्ञ धीर धरू शकतात. डॉक्टरला ती सवलत नाही.

प्रश्न कुणी उचलून नेला

केपटाउनच्या ग्रूट स्कूर रुग्णालयातला भौतिकशास्त्रज्ञ १९५६ च्या सुमारास नोकरी सोडून गेला. किरणोत्सर्गी पदार्थांच्या वापरावर भौतिकशास्त्रज्ञाची देखरेख हवी असा तिथला कायदा होता, म्हणून विद्यापीठातल्या अॅलन कॉर्मॅकला आठवड्यातून दीड दिवस रुग्णालयात बसायला सांगितले. बसल्या बसल्या त्याच्या लक्षात आले की कर्करोगावर किरणोपचार ठरवताना शरीर आतून एकसारखे आहे असे धरून हिशेब करतात. ते तसे नाही, मग आत काय आहे ते बाहेरून कसे काढायचे? त्याने सूत्र शोधले आणि १९६३ व १९६४ साली भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात छापले. प्रतिसाद जवळजवळ नाहीच. निबंधाची प्रत मागणाऱ्यांत लक्षात राहण्याजोगे होते ते स्वित्झर्लंडचे हिमस्खलन संशोधन केंद्र. डोंगरावरच्या बर्फाच्या आत काय आहे हा त्यांचा प्रश्न होता. राडोनने हेच गणित १९१७ साली केले होते हे कॉर्मॅकला या कामाला हात घातल्यावर चौदाएक वर्षांनी कळले.

हाउन्सफील्ड तर विद्यापीठात शिकलेलाही नव्हता. तो संगणक बांधणारा अभियंता होता, बीटल्सच्या रेकॉर्डी काढणाऱ्या ईएमआय कंपनीत. त्याच्या पहिल्या प्रयोगात गॅमा किरणांचा स्रोत इतका दुबळा होता की एका कापाच्या मोजणीला नऊ दिवस लागले आणि संगणकाला अडीच तास. क्ष-किरण नळी बसवल्यावर नऊ दिवसांचे नऊ तास झाले. लंडनच्या अॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा काप मिळाला. १९७९ चे वैद्यकाचे नोबेल कॉर्मॅक आणि हाउन्सफील्ड यांना विभागून मिळाले. दोघांपैकी एकही डॉक्टर नव्हता, आणि पीएच.डी.ही कुणाकडे नव्हती.

त्याच १९७१ साली जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी बेरजांवरून चित्र काढण्याची एक झटपट रीत छापली. आधी फूरिए पटलावर जायचे आणि मग परत यायचे हा द्राविडी प्राणायाम टाळून त्यांनी प्रत्येक प्रक्षेपावर थेट एक गाळणी चालवली. रामचंद्रन यांचे नाव कोलॅजेन या प्रथिनाच्या तिपेडी रचनेमुळे आधीच गाजलेले होते. रेणूंच्या प्रतिमा काढताना त्यांना हा प्रश्न भेटला. जगभरच्या सीटी प्रणालींत ती गाळणी ‘रॅम-लॅक’ नावाने आजही आहे. पडद्यासमोर बसलेल्या कितीजणांना त्यातला रॅम म्हणजे रामचंद्रन हे ठाऊक असेल, कोण जाणे.

आता १९६४-६५ च्या मुंबईकडे पाहा. टीआयएफआरमध्ये ब्रेसवेलचा शिष्य होता. त्याच संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा त्या काळच्या मानाने थोर संगणक आला होता. टाटा मेमोरियल हे कर्करोगाचे रुग्णालय १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे होते, आणि टीआयएफआरचा पोशिंदाही तोच विभाग. गणित, संगणक आणि रुग्ण तिन्ही एका शहरात, एका खात्याच्या हाताखाली. तरी सीटी मुंबईत जन्मला नाही. हा दोष कुणाचा म्हणून मी सांगत नाही. स्वरूपांना विश्वाचा प्रश्न पडला होता आणि तो काही लहान नव्हता. पण साधने जवळ असली की शोध लागतात या समजुतीला हा चांगला प्रतिवाद आहे. केपटाउनला यांतले फार थोडे होते. तिथे दीड दिवस चुकीच्या खोलीत बसवलेला एक माणूस होता.

पुण्यातले उदाहरण याहून नेमके आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते तेव्हा त्यांनी एक-दीड वर्षाच्या अंतराने दोन निबंध लिहिले. १९४३ चा निबंध भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात आला. यादृच्छिक संकेत कमीत कमी पण नेमक्या घटकांत कसा मोडावा हा त्याचा विषय. आज प्रतिमेतली खरखर काढायला, माहिती आखडायला, रेडिओ नोंदींतून आपल्याच आकाशगंगेची चमक वजा करायला हेच तंत्र वापरतात. पण ते प्रसिद्ध आहे कारहुनेन आणि लोएव्ह या नंतर आलेल्या दोघांच्या नावाने. दुसरा निबंध १९४४ चा, चारच पानांचा. गुणसूत्रावरील दोन जनुकांतले अंतर पुनःसंयोजनाच्या प्रमाणावरून कसे काढावे याचे सूत्र त्यात होते, आणि तो छापला लंडनच्या आनुवंशिकीच्या नियतकालिकात. कोसंबींचे ते सूत्र गहू-तांदळाचे वाण शोधणारे आणि जनुकांचे नकाशे काढणारे आजही त्यांच्याच नावाने वापरतात. माणूस तोच, गाव तेच, बुद्धी तीच. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी त्यांनी उत्तर प्रश्नवाल्यांच्या दारात नेऊन ठेवले.

लोणी काळभोरच्या राजबागेत, जिथे एके काळी राज कपूरचा मळा होता, आज एमआयटीचे विद्यापीठ आहे आणि १६० फूट व्यासाचा एक घुमट. घुमटाखाली संतांबरोबर शास्त्रज्ञांचेही पुतळे मांडले आहेत. पुतळे असावेत, त्यांना माझी हरकत नाही. पण अभियांत्रिकीचे वर्ग आणि रुग्णालय एका रस्त्यावर आले म्हणजे आंतरशाखीय संशोधन सुरू झाले असे माहितीपत्रकात छापणाऱ्या सगळ्याच संस्थांनी मुंबईचा १९६५ चा हिशेब एकदा तपासावा.

न मोजलेले भरणे

खोडदच्या पटलात कितीही तास पाहिले तरी भोके राहतात. तिथे काय भरायचे? शून्य भरले तर प्रत्येक ताऱ्याभोवती खोटी वलये उमटतात. खगोलशास्त्रज्ञ यान ह्योगबोमने १९७४ साली यावर ‘क्लीन’ नावाची रीत दिली. तिच्या मुळाशी एक गृहीतक आहे, आकाश बहुतांशी रिकामे आहे आणि त्यात मोजकेच तेजस्वी ठिपके आहेत. सर्वांत तेजस्वी ठिपका शोधायचा, त्याची वलये वजा करायची, मग पुढचा ठिपका. गणितज्ञांना अनेक वर्षे ही युक्ती कामचलाऊ वाटत असे. २००६ मध्ये कॅन्डेस, रॉम्बर्ग आणि टाओ यांनी दाखवले की चित्र मुळात साधे असेल तर फार थोड्या मोजणीतूनही ते बिनचूक परत मिळवता येते. डोक्याच्या कापाची म्हणून ठरलेली एक कृत्रिम आकृती आहे; ती त्यांनी पटलावरच्या अवघ्या २२ रेघांवरून जशीच्या तशी मिळवली. एमआरआयमध्ये मोजणी या पटलावरच होते, म्हणून तिथे या कल्पनेने रुग्णाचा यंत्रातला वेळ वाचू लागला. दुर्बिणीची युक्ती गणिताकडे गेली आणि प्रमेय होऊन रुग्णालयाकडे वळली.

पण ‘चित्र साधे असेल तर’ ही अट आहे, आणि अट कुणीतरी आधी ठरवलेली असते. आता ती कृत्रिम बुद्धिमत्ता ठरवू लागली आहे. हजारो जुन्या चित्रांवर शिकवलेले कृत्रिम चेतापेशींचे जाळे (न्यूरल नेटवर्क) कमी किरणोत्सर्गाचा खरखरीत काप घेते आणि गुळगुळीत करून देते. २०२० मध्ये अंतुन नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अशा जाळ्यांना मुद्दाम अवघड प्रश्न घातले, तेव्हा मोजणीत नगण्य फरक करूनही काही जाळ्यांच्या चित्रांत नसलेले आकार उगवले आणि असलेले बारीक तपशील गळाले. चार घरांच्या कोड्याची हीच भाषा आहे. तिरपा किरण सोडला नाही तर दोन्ही उत्तरे बेरजांना पटतात. त्यांतले कोणते निवडले ते मोजणीने ठरलेले नसते, सवयीने ठरलेले असते.

कृष्णविवराचे पहिले चित्र एप्रिल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा खगोलशास्त्रज्ञांपुढे हीच भीती होती, कारण जगभर विखुरलेल्या मूठभर दुर्बिणींनी पटलाचा फारच थोडा भाग मोजला होता. त्यांनी चार गट केले आणि एकमेकांशी न बोलता तीच मोजणी प्रत्येकाकडून स्वतंत्र पुनर्रचित करून घेतली. चौघांकडेही वलय निघाले, तेव्हा पुढे गेले. रुग्णालयात एका स्कॅनची पुनर्रचना सहसा एकदाच होते, यंत्र विकणाऱ्या कंपनीच्या बंद प्रणालीत; आणि ज्या कच्च्या बेरजांवरून ती झाली त्या जागा अडवतात म्हणून बहुधा थोड्याच दिवसांत पुसल्या जातात. मग संशयित डागावर दुसरे मत मागायला गेलेला रुग्ण सोबत नेतो ते तयार चित्रच. दुसरा डॉक्टर त्या चित्राचा अर्थ बदलू शकतो, चित्र पुन्हा काढू शकत नाही. निदान शंकास्पद स्कॅनच्या कच्च्या बेरजा तरी राखून ठेवाव्यात, आणि त्यांवरून वेगळ्या रीतीने चित्र काढून पाहणारी माणसे रुग्णालयाजवळ असावीत, ही मागणी अवाजवी नाही. त्या कामाला लागणारी रॅम-लॅक गाळणी एम.एस्सी.चा विद्यार्थी एका सत्राच्या प्रकल्पात लिहू शकतो.